पन्नास ओळींच्या पुढचं

‘कॉपी करायचं आणि पेस्ट करायचं, त्यात चुकण्यासारखं आहे काय?’ असं माझ्या भावाने मला विचारलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांत गरम फुग्यांची, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांची, परात होती, म्हणून तो वाचला. फोनवर आलेला फोटो पुढे पाठवायचा तर हा माणूस लेकीला हाक मारतो. त्याने मला शिकवावं. मी तेवीस वर्षं अंधेरीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या यंत्रणा सांभाळते, आणि माझ्याच हातून आईच्या गाण्याच्या दोनशे चौदा ओळी गेल्या. चोरी नाही, आग नाही, व्हायरस नाही. माझी दहा बोटं आणि दोन सेकंद.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. लोक म्हणतात राग ओसरतो. माझा ओसरलेला नाही, आणि ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं घर मनोरीला. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं की पाच-दहा मिनिटांत पलीकडे. आम्ही तिथले जुने ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारे. वाडवडिलांनी भात लावला आणि मासे धरले, आम्ही ऑफिसं धरली. लग्नाच्या आधी उंबराचं पाणी आणायची आमच्यात रीत आहे. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. ही रीत आमच्या सगळ्याच गावठाणांत आहे, पण आमच्या आळीची एक जादा खोड आहे. विहिरीकडे जाताना वाटेतल्या प्रत्येक घरासमोर थांबायचं आणि त्या घराचं कडवं म्हणायचं. कोणाची होडी उलटली नि कोण पोहत परत आलं, कोणाच्या सुनेने रुसून तीन दिवस चूल पेटवली नाही, असलं सगळं त्यात असतं. एकवीस घरं. शेवटचं आमचं, विहिरीला लागून. आणि आमच्या घराच्या कडव्याला लेकींची कडवी जोडलेली. लेक लग्नाला उभी राहिली की तिचं कडवं पहिल्यांदा गातात, मग पुढच्या प्रत्येक लग्नात ते चालू राहतं.

ही एकवीस घरं ओळीने फक्त आईला पाठ होती. बाकीच्या बायका मागून ओढतात, पुढचा शब्द आईनेच टाकायचा. आईला सहीपलीकडे लिहिता येत नाही. तिला तशी कधी गरजच पडली नाही, कारण ती एकदा ऐकलेलं विसरत नाही आणि समोरच्यालाही विसरू देत नाही.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जगेल पण बोलणार नाही. आम्ही सगळे रडलो. आईने फक्त तारीख विचारली. भावाच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर होतं, आणि ऑपरेशन त्याच्या आधी. ती बोटांवर मोजत बसली आणि म्हणाली की मग पाण्याला कोण गाणार.

भाचीनेच तोड काढली. आजीने सांगायचं, आत्याने टाइप करायचं, बोरिवलीच्या एका छापखान्यातून चाळीस छोट्या पुस्तिका छापून घ्यायच्या आणि तिच्या मैत्रिणींसकट सगळ्यांच्या हातात द्यायच्या. आई कबूल झाली, पण एका अटीवर. रेकॉर्ड करायचं नाही. गाठीमुळे तिचा आवाज फाटला होता, आणि गावात पन्नास वर्षं जिच्या आवाजाने मिरवणूक हलायची तिला तो फाटका आवाज मागे ठेवायचा नव्हता.

‘माजा आवाज आता कावल्याचा,’ ती म्हणाली. ‘ह्यो ठेवून काय करशील? शब्द घे. आवाज नको.’

तिचा आमच्यावर विश्वास नव्हता, म्हणून ती रोज दुपारी आम्हा दोघींचे फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालायची आणि डबा स्वतःच्या मांडीखाली ठेवून पाटावर बसायची. भाऊ आज म्हणतो, चोरून करायचं होतं रेकॉर्ड. तोंड वर करून म्हणतो. त्या चार दुपारी तो मंडपवाल्याशी बोलायला गेला होता, एकदाही समोर बसला नाही.

मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन बसायचे. माझा स्वतःचा नाही, दोन दोन वागवायचे कशाला, म्हणून कधी घेतलाच नाही. आणि टाइप करायचे ते माझ्या जुन्या एडिटरमध्ये. हा एडिटर म्हणजे टर्मिनलच्या काळ्या पडद्यात चालणारा साधा लिहायचा प्रोग्राम. त्याला ना बटणं, ना माउस, सगळं कळांवर. एक अक्षर दाबलं की ओळ उचलली जाते, दुसरं दाबलं की कापली जाते. तेवीस वर्षं बोटं त्यातच फिरली आहेत. दुसऱ्या कशात लिहायचं म्हटलं की मला परक्याच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यासारखं होतं. त्याचा एकच त्रास. त्या काळ्या पडद्यावर मराठी धड दिसत नाही. जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. मजकूर आत शाबूत असतो, पण वाचायचा तर तिथून उचलून मेलमध्ये किंवा दुसऱ्या खिडकीत टाकावा लागतो. म्हणजे मी काय लिहिलं ते मला नंतर कळणार. लिहिताना बघायचंच नाही, नुसतं ऐकायचं आणि बोटं चालवायची.

खरं तर ऐकायचंही नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पटापट टाइप करणारं माणूस शब्द कानातून घेऊन थेट बोटांत सोडतं, मध्ये कुठे थांबू देत नाही. आई अर्ध्या तासात थकायची, घोटभर पाणी प्यायची, पुन्हा सुरू करायची. तिला थांबवून पुन्हा विचारायचं माझ्या जिवावर यायचं. मी फक्त वेग सांभाळला. भाची बाजूला बसून घरं मोजायची.

चौथ्या दुपारी एकवीस घरं झाली, भाचीचं नवं कडवं झालं, आणि मी लॅपटॉप मिटायला लागले. आईने हात वर केला.

‘थांब. तुजा राह्यलाय. लिव गं बाय.’

माझं लग्न झालं नाही. जमलं नाही, मग जमवावंसं वाटलं नाही. त्याबद्दल आई आणि मी पंधरा वर्षं भांडलो आणि मग एक दिवस दोघीही गप्प झालो. लग्न नाही म्हणजे कडवं नाही, हे मला ठाऊक होतं, आणि लग्नात आमच्या दारासमोर गाणं आलं की मी मुद्दाम कळशी घेऊन पुढे विहिरीकडे सरकायचे. तिने माझं कडवं करून ठेवलं असेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. ती सांगत गेली. आठ ओळी असतील, नाहीतर दहा. माझी बोटं चालली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते येऊ नये म्हणून वेगाकडे लक्ष ठेवलं. त्यातला एक शब्दही मी ऐकला नाही. मनात म्हटलं, आहे ना लिहिलेलं, माझ्या अंधेरीच्या घरी जाऊन एकटीने वाचू.

दोन दिवसांनी ती दवाखान्यात गेली. मी वाचलं नाही. वाचलं तर ती जाणार असं काहीतरी डोक्यात होतं. ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक, त्यावर पांढरा कपडा, आणि तोंड उघडलं की नुसती हवा. नर्सने तिला खुणा शिकवल्या. होय म्हणजे एक टाळी, नाही म्हणजे दोन.

दोन आठवड्यांनी मी ऑफिसला गेले. सकाळीच सुरक्षा विभागातल्या माणसाची मेल आली होती. या माणसाला मी ओळखते, कॅन्टीनमध्ये चहाला बरोबर असतो, पण मेल लिहिताना तो न्यायाधीश होतो. माझ्या लॅपटॉपवर कामाशी संबंध नसलेला मजकूर सापडला आहे, आज संध्याकाळपर्यंत काढावा. म्हणजे आईची गाणी. मी ती फाइल मुद्दाम तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवली होती, ऑफिसच्या बॅकअपमध्ये जाऊ नये म्हणून. तिथेही यांनी नाक खुपसलं. मला इतका संताप आला की मी त्याच्या मेलमधलं नियमाचं वाक्य कॉपी करून त्याला उत्तर लिहायला घेतलं. मग उत्तर अर्धवट सोडलं आणि ठरवलं, आत्ताच्या आत्ता सगळं काढते, यांच्या यंत्रावर माझ्या आईचं अक्षरही नको.

आता झालं काय ते सांगते. कॉम्प्युटरला कॉपी केलेलं ठेवायची एक सामाईक जागा असते, क्लिपबोर्ड. घरातल्या सगळ्यांची फळी म्हणा. कुठल्याही खिडकीतून तिथे ठेवा, कुठल्याही खिडकीतून उचला. माझ्या एडिटरची मात्र स्वतःची वेगळी पिशवी असते. त्यात उचललेलं किंवा कापलेलं त्याच्या पिशवीत जातं, फळीवर जात नाही. दोन्ही जोडायचं तर सेटिंग्जच्या फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते. ती ओळ मी नोकरीच्या सुरुवातीलाच कधीतरी लिहिली आणि विसरले. माझ्यासाठी पिशवी आणि फळी वेगळी नव्हतीच. मी जे उचलेन ते कुठेही पडेल, हा माझा जन्माचा अनुभव.

आईच्या आजारपणाच्या अगदी तोंडावर ऑफिसने सगळ्यांचे लॅपटॉप बदलले. मी माझी सेटिंग्जची फाइल नव्यावर आणली, त्या ओळीसकट. पण नव्या लॅपटॉपवर त्यांनी त्या एडिटरची छाटलेली प्रत टाकली होती, क्लिपबोर्डशी जोडणी काढून टाकलेली. आणि त्या प्रतीला ती ओळ दिली तर ती काय करते? काही नाही. चूक दाखवत नाही, सूचना देत नाही. ऐकून घेते आणि गप्प बसते. पुढचे दिवस सगळे दवाखान्यात गेले, त्यामुळे माझ्याही लक्षात आलं नाही.

मी फाइल उघडली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं कापलं. उचललं नाही, कापलं, कारण मला ते तिथे शिल्लक ठेवायचं नव्हतं. रिकामी फाइल सेव्ह केली, एडिटर बंद केला, फाइल पुसली. मग मेल उघडली, छापखान्याचा पत्ता टाकला आणि पेस्ट केलं.

पडद्यावर आलं, ‘कंपनीच्या यंत्रावर वैयक्तिक मजकूर आढळल्यास तो पूर्णपणे नष्ट करावा.’

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं चुकीची कळ दाबली. पुन्हा पेस्ट केलं. पुन्हा तेच वाक्य. मग एडिटर पुन्हा उघडला. त्याची पिशवी रिकामी होती.

माझ्या धंद्यातलं माणूस अशा वेळी रडत नाही, शोधत बसतं. मी दिवसभर शोधलं. एडिटर चालू असताना एक लपलेली प्रत ठेवतो, ती तो नीट बंद झाला की स्वतःच पुसतो. मी तो नीट बंद केला होता. डिस्कवरून पुसलेलं परत आणायला माझ्या हक्कांपलीकडे जावं लागत होतं. सुरक्षा विभागात गेले तर त्याने फॉर्म दिला. फॉर्ममध्ये मजकुराचं स्वरूप विचारलं होतं, मी लिहिलं, आईची गाणी. तो म्हणाला, अगं यार, वैयक्तिक मजकूर परत आणायची परवानगी नाहीये ना, माझ्या हातात काय आहे. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. तो फॉर्म मी त्याच्यासमोर फाडला आणि त्याचे तुकडे त्याच्या चहात टाकले. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

शेवटी तो नियम सापडला. एडिटर बंद होताना आपल्या पिशवीतलं थोडं पुढच्या वेळेसाठी एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. म्हणजे वाचलं असतं. पण पन्नास ओळींपर्यंतच. पिशवीत त्याहून जास्त असेल तर तो पहिल्या पन्नासही ठेवत नाही, सगळंच टाकून देतो. मी एकेक घर कापलं असतं तर निदान शेवटचं राहिलं असतं. शेवटचं म्हणजे माझं. मी सगळ्या दोनशे चौदा एकदम कापल्या, कारण मला काम नीटनेटकं करायची हौस.

इंटरनेटवर लोकांनी हाच प्रश्न हजार वेळा विचारलेला आहे, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी शहाण्याने उत्तर दिलं आहे की आधी तुमच्या एडिटरची प्रत तपासा. मी तपासली. ती आपल्या अंगी काय काय आहे त्याची यादी दाखवते, असलेल्यापुढे अधिक, नसलेल्यापुढे वजा. क्लिपबोर्ड या शब्दापुढे वजा होतं. ते चिन्ह पहिल्या दिवसापासून तिथे बसलं होतं, मी विचारायची वाट बघत. खाली त्या शहाण्याने लिहिलं होतं, दोन मिनिटांचं काम आहे. त्याचा चेहरा मला माहीत नाही हे त्याचं नशीब.

मनोरीला जाऊन आईला सांगायला मला तीन दिवस लागले. मी तिच्या पाटासमोर बसून सगळं सांगितलं, फळी, पिशवी, वजाचं चिन्ह. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल. तिने भाचीकडे बघितलं, बाहेर बोट दाखवलं आणि आळीतल्या बायकांना बोलावून आणायची खूण केली.

पुढचे आठ दिवस आमच्या ओटीवर सकाळ-दुपार बायका बसल्या. प्रत्येकीला आपापल्या घराचं कडवं अर्धं-मुर्धं येत होतं, एखादीला शेजारणीचंही. एकीने म्हणायचं, आईने मांडीवर ठेका धरायचा, आणि चुकलं की दोन टाळ्या. पुन्हा म्हणायचं. पुन्हा दोन टाळ्या. जे कोणालाच येत नव्हतं ते आई ओठांनी सांगायची आणि आम्ही ओठ वाचायचो. भाचीला ते पटकन जमायचं. ती आजीच्या तोंडाकडे बघत बसायची, घाई करायची नाही, आणि सांगितलेलं वहीत पेनाने लिहायची. मला जमायचं नाही. मी तिसऱ्या शब्दाला अंदाज बांधायचे, आई दोन टाळ्या द्यायची, मी पुन्हा अंदाज बांधायचे, पुन्हा दोन टाळ्या, आणि मी उठून आत जायचे. एका दुपारी भाचीने मला हळूच सांगितलं, आत्या, तू बघत नाहीस, तू शोधतेस. तिलाही मी ओरडले.

अठरा घरं परत आली. दोन घरांची माणसं कधीच वसई-विरारकडे गेली होती, त्यांना फोन करून एक मिळालं, दुसऱ्याचं नाहीच. आमचं मिळालं, भाचीचं मिळालं. तिने वही मिटली आणि छापखान्याला फोटो पाठवले.

मग मी आईला माझं विचारलं. बायका गेल्या होत्या, आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, माझं सांग, मी नीट बघते. तिने दोन टाळ्या वाजवल्या. मला वाटलं दमली असेल. दुसऱ्या दिवशी विचारलं. दोन टाळ्या. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर हात जोडले तर तिने तोंड फिरवलं.

तेव्हा माझा तोल गेला. इतक्या दिवसांचा सगळा राग, त्या मेलचा, त्या वजाचा, भावाचा, पन्नास ओळींचा, तिच्यावर निघाला.

‘मग केलंस कशाला? कोणाला गाऊन दाखवणार होतीस, मी मेल्यावर?’

उलट बोलू न शकणाऱ्या बाईवर मी ओरडले होते. लहानपणापासून तिच्याशी भांडताना शेवटचा शब्द कायम तिचाच असायचा, त्या दिवशी माझा राहिला. तो मला अजून टोचतो. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या दारी गेली.

मी ऑफिसात एडिटरची नवी प्रत टाकून घेतली. खरंच दोन मिनिटं लागली. वजाचं अधिक झालं. आता मी त्या काळ्या पडद्यावर काहीही उचललं तरी ते कुठेही पडतं, झकास चालतं. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली, शेजारच्या मुलीने दचकून हेडफोन काढला.

लग्नाच्या आधी उंबराचं पाणी निघालं. ऊन उतरलं होतं. सगळ्यांच्या हातात ती गुलाबी पुस्तिका, पुढे मडक्याला कातडं ताणलेला घुमट वाजवणारा, मध्ये भाची, आणि तिच्या बाजूने लाल लुगडं नेसलेली आई, गळ्याला कपड्याऐवजी लग्नाला म्हणून शिवलेला पांढरा रुमाल. मी कळशी घेतली होती. घरोघरी थांबत, वाचत, अडखळत, हसत आम्ही निघालो. ज्या घराचं कडवं मिळालं नव्हतं त्याच्यासमोरही आईने सगळ्यांना थांबवलं. नुसता घुमट वाजला. मला जमिनीने गिळलं तर बरं असं झालं, कारण तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकीला माहीत होतं की हे कोणामुळे.

आमच्या दारासमोर घराचं कडवं झालं, मग भाचीचं, पहिल्यांदा. भाऊ रडत होता. बायका विहिरीकडे वळल्या आणि मी सवयीने सगळ्यांच्या पुढे सरकले. मागे घुमट थांबला नाही, पण पावलं थांबली. मी वळून बघितलं. आईने हात वर केला होता.

ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. घुमटवाल्याकडे तिने बोटाने ठेका दाखवला, आणि आवाजाशिवाय गायला लागली. ओठ मोठे उघडून, मान हलवून, रुमालाखालून हवेचा सूं सूं आवाज येत होता. कोणी पुस्तिका चाळून बघत होतं, त्यात ते नव्हतं. मला कळलं की हे माझं आहे, आणि मला दोन टाळ्या का मिळत होत्या तेही कळलं. ती मला ते पुन्हा ओटीवर बसून सांगणार नव्हती. ते दारासमोर गायचं असतं.

पहिली ओळ गेली. मी ओठांकडे बघत होते, शब्द पकडत होते, पुढचा पकडेपर्यंत मागचा सुटत होता. तेवढ्यात आई थांबली. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, खाली बघत होती. मीही खाली बघितलं. माझा उजवा हात लुगड्याच्या निऱ्यांवर होता आणि बोटं चालली होती, भराभर, कळा दाबल्यासारखी. मी टाइप करत होते.

आई चालत माझ्यापाशी आली. तिने माझ्या कमरेवरची कळशी काढून भाचीकडे दिली, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बोटं इतकी घट्ट दाबून धरली की माझी अंगठी रुतली. मग घुमटवाल्याकडे बघून तिने मान हलवली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं.